न चुकलेला शुक्रवार

डोळे उघडले तेव्हा डबा रिकामा होता आणि सफाई करणारी बाई बोटाच्या टोकाने तिच्या खांद्याला स्पर्श करत "अम्मा, कडैसी स्टेशन" म्हणत होती. शेवटचं स्टेशन. मोझेलला आधी वाटलं, बाई दुसऱ्या कुणाला उठवते आहे. मेट्रोत झोप लागते ती इतरांना. कानात वायरी घातलेल्या मुलींना, पिशवी पोटाशी धरून डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांना. एग्मोरहून अण्णा नगर म्हणजे जेमतेम पाव तासाचा रस्ता. एवढ्या वर्षांत त्या रस्त्यावर आपला डोळा मिटल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तिने काचेबाहेर पाहिलं. फलाटावर 'सेंट थॉमस माउंट' असं लिहिलं होतं आणि त्या पाटीवर पडलेला उजेड पिवळा, तिरका, उतरता होता. आज शुक्रवार होता. कचेरीतून ती दर शुक्रवारी लवकर निघत असे. एग्मोरच्या त्या रेल्वे कचेरीत साहेब बदलले, पण झिराडकर बाईंचा शुक्रवार कुणी बदलला नाही. आज कचेरीतल्या शशिकलाच्या निरोपसमारंभात थोडा उशीर झाला होता, तरी सूर्यास्ताला तासभर अवकाश होता. तो जवळजवळ सगळा अवकाश ती झोपली होती.

उलटी गाडी लगेच मिळाली. ती बसली नाही, दाराशी उभी राहिली. गाडी पुलावरून जात होती आणि दोन्ही बाजूंना गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे मागे पडत होते. वडपळनीच्या पुढे सूर्य एका इमारतीच्या मागे गेला. तो पलीकडून बाहेर येईल म्हणून ती पाहत राहिली. आला नाही. डब्यात कुणाला काही कळलं नाही. एक पोरगी फोनवर हसत होती. मोझेलच्या अंगातून मात्र काहीतरी गळून पडल्यासारखं झालं, आवाज न होता. ज्यूंचा शब्बाथ सुरू झाला होता, ज्यात प्रवास नाही, पैशाला हात नाही, विस्तव किंवा वीज लावायची नाही, आणि ती धावत्या गाडीत उभी होती. खांद्याला पर्स, पर्समध्ये पैसे. घरी दोन काचेचे दिवे, सकाळीच तेल भरून, वाती वळून ठेवलेले; आणि ते आता कुणीच लावायचे नव्हते. सूर्यास्तानंतर काडी ओढणं म्हणजे दुसरं पाप. पहिलं झाकण्यासाठी दुसरं करायचं, असल्या तडजोडी तिने कधी केल्या नव्हत्या.

कोयम्बेडूला ती उतरली. निदान पुढचा रस्ता तरी चालत. सरकता जिना टाळून ती साध्या जिन्याने खाली आली आणि बाहेर पडायच्या दरवाजापाशी कार्ड हातात घेऊन थांबली. कार्ड टेकवलं की दिवा हिरवा होणार, फाटक उघडणार. मागून माणसं येऊन बाजूच्या फाटकांतून जात होती. सुरक्षारक्षक मुलीला वाटलं बाईंना जमत नाहीये. तिने हातातून कार्ड घेतलं, टेकवलं, परत हातात दिलं. "पोंग अम्मा," जा म्हणाली. मोझेलने तिला सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. तिचं काम तिच्यासाठी दुसऱ्याच कुणी केलं होतं, आणि ती नुसती पलीकडे गेली होती.

घरापर्यंतचा रस्ता तिला नीट आठवला नाही नंतर. भाजीबाजाराचा ओला वास, बसांचे भोंगे, आणि खांद्यावरची पर्स, जी दर पावलाला जड होत होती. ती मनाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती: आता तुटलं. नवरा, हनोख, गेल्यापासून एकही शुक्रवार चुकला नव्हता. चिकनगुनियात बोटं वळत नव्हती तेव्हाही तिने दोन्ही हातांनी काडी धरून दिवे लावले होते. पुराच्या वर्षी खालच्या मजल्यावर पाणी होतं, घरात समोरच्या कनकाच्या नातलगांसकट अकरा माणसं होती, तेव्हाही. लोकांना हे माहीत होतं. ठाण्याच्या नणंदा म्हणत, सिनेगॉगच्या दाराशी राहून आम्हाला जमत नाही आणि तू तिकडे एकटी मद्रासला. खरंच एकटी. या शहरात दहा माणसं जमवून प्रार्थना करायची सोय नाही, शास्त्राप्रमाणे मारलेलं मटण नाही. म्हणून तिने मटण सोडलं. तरी मटणाची भांडी दुधाच्या भांड्यांपासून वेगळ्या फळीवर होती, वर्षातून एकदा खाली यायची, घासली जायची, कोरडी होऊन परत जायची. एलिशाने एकदा विचारलं होतं, "आई, ज्यात काही शिजतच नाही त्या भांड्यांना कशाचा विटाळ?" खरं उत्तर तिला ठाऊक होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या सगळ्याच्या तळाशी एक शुक्रवार होता, आणि तो तिने कुणालाच सांगितला नव्हता.

इमारतीच्या आवारात शिरताना सवयीने तिने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या खोलीच्या खिडकीत, दोन ज्योती होत्या.

जिन्यातले दिवे पावलाच्या चाहुलीने आपोआप लागायचे. ते एकेक लागत गेले आणि ती चढत गेली. कुलूप तिने सकाळी लावलं होतं तसंच होतं, दोनदा फिरवलेलं. आत खोबरेल तेलाचा जळता वास होता. टेबलावर पांढरा कपडा अंथरलेला. दोन चपात्या कापडाखाली झाकलेल्या. काळ्या मनुकांचं सरबत, जे तिने पहाटे कुस्करून गाळून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते किद्दुशच्या प्रार्थनेच्या पेल्यात काठापर्यंत. जळकी काडी बशीच्या उजव्या कडेला आडवी, ती ठेवते तशी. दिव्यांतलं तेल बोटाच्या पेराएवढं उतरलं होतं. सूर्यास्ताआधी लावले असते तर जेवढं उतरलं असतं तेवढंच. डोक्यावर घ्यायची ओढणी खुर्चीच्या पाठीवर होती. मोझेलने ती उचलली. काठाशी ओली होती, हात धुतल्यावर डोक्यावर घेताना नेहमी होते तेवढी ओली. भीती वाटण्याआधी तिला वाटलं ते वेगळंच होतं, आणि त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. तिला हेवा वाटला. इतकं नीट तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. शब्बाथला उपास करायचा नसतो म्हणून चपातीचा एक तुकडा मीठ लावून खाल्ला, आणि दिवे आपोआप विझेपर्यंत खुर्चीत बसून राहिली.

शनिवारी सकाळी समोरच्या दाराशी कनका कोलमची रांगोळी घालत होती. कनका म्हणजे तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी बाई. सत्तरी उलटलेली, सोवळ्याओवळ्याला कडक. दोघींची पहिली ओळख त्याच धाग्यावर झाली होती. कनका मोझेलच्या हातचं पाणी घेत नसे आणि मोझेल कनकाच्या हातचं जेवण, आणि त्यामुळे दोघींना एकमेकींबद्दल फार आदर होता.

"कनकाम्मा," मोझेल म्हणाली, "काल संध्याकाळी माझ्या घरात कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? तुम्हीच होतां कीं." कनकाने पिठाची चिमूट मध्येच थांबवली. "मी बाल्कनींत कपडे काढाया आलें, तेव्हां पाहिलें. डोईवर पदर, डोळे झाकून उभ्या होतां. हाक मारूं नये तेव्हां, म्हणून गप्प आंत गेलें."

"माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे?"

"अय्यो, ती तर पूर आला त्या वर्षींच परत दिलें न्हवें का? काय झालें मोसेलबाई? तोंड कां असें?"

 कनका गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या चेहऱ्यावर कणव होती.

"तुमचा दिवा कधीं चुकत नाहीं. मी सुनेला, जननीला, नेहमीं सांगतें. साहेब गेले त्या दिवशीं सुद्धां, तिकडे आस्पत्रींत ते तसे, आणि सांजे इकडे तुमचे दोन दिवे. मी ह्या डोळ्यांनीं पाहिलें. मनांत म्हटलें, पावम, बिचारी, काय धीर ह्या बाईचा."

मोझेल मान हलवून आत आली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं. आठ वर्षं तिला वाटत होतं की ते फक्त तिला आणि देवाला माहीत आहे.

तो शुक्रवार असा होता. हनोख अतिदक्षता विभागात होता, फुप्फुसात पाणी भरलेलं. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला धिप्पाड माणूस, पलंगावर एवढासा दिसत होता. डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र. आणि दुपार उतरायला लागल्यावर तिच्या मनात दिवे आले होते. हे तिला लख्ख आठवत होतं: रिक्षा, रिक्षावाल्याच्या आरशाला लटकलेलं लिंबू, जिना, किल्ली, तेलात बुडवलेली वात बोटांनी पिळताना झालेला थेंब, काडीचा फुर्र आवाज, डोळ्यांवर तळवे, ओठांत बेराखा, दिव्यांवरची आशीर्वादाची प्रार्थना. मग तळवे काढल्यावर दिसलेल्या दोन ज्योती. मग परत गेल्यावर पलंगाभोवती ओढलेला हिरवा पडदा. ती दिव्यांकडे गेली आणि तो एकटा गेला. आज्ञा पाळायला गेली होती, हे खरं. पण आज्ञा पाळण्यासाठी माणूस सोडून गेली होती, हेही खरं. आणि जीव जात असलेल्या माणसाजवळून उठू नये हेसुद्धा आज्ञेतच होतं, हे तिला नंतर समजलं होतं. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकवण्याची मुभा तिला राहिली नाही. एक जरी चुकला असता, तर तो शुक्रवारही चुकवता आला असता असा त्याचा अर्थ झाला असता. तिची सगळी कडक शिस्त, न वापरलेली भांडी, गाळून गाळून प्यायलेलं पाणी, तांदळाचा दाणा न् दाणा उजेडात धरून निवडणं, हे सगळं त्या हिरव्या पडद्यावर रचलेलं होतं. लोक त्याला श्रद्धा म्हणत.

संध्याकाळी तारे दिसले, शब्बाथ संपला, तरी तिने एलिशाला फोन केला नाही. तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला, अजून दुपार होती, तिथला शब्बाथ चालू होता. एलिशा काही पाळत नसे, फोन उचलला असता. पण आपल्यामुळे त्याच्याकडून मोडायला नको. ती रविवारपर्यंत थांबली.

"आई? सगळं ठीक आहे ना?" मागे गाड्यांचा आवाज होता. तो कामावर निघाला असावा.

"ठीक आहे. तुला एक विचारायचं होतं. म्हणजे सांगायचं होतं." तिने जिभेने ओठ ओले केले. "बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते, एलिशा. मी दिवे लावायला घरी आले होते. तुला कधी सांगितलं नाही."



"हे काय बोलतेस तू?"

"खरं तेच."

"आई, मी फोनवर होतो. तू फोन बाबांच्या कानाशी धरला होतास. मला तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून तूच म्हणालीस, बोल त्यांच्याशी, त्यांना ऐकू येतंय. मी काहीबाही बोलत होतो. मग तू बाबांसाठी शेमाची प्रार्थना म्हणायला लागलीस. मोठ्याने. मग मध्येच थांबलीस, आणि तिकडे नर्स काहीतरी तमिळमध्ये म्हणाली. मी सगळं ऐकलं." त्याचा आवाज बदलला. "तू एक मिनिट सुद्धा कुठे गेली नव्हतीस. तासभर तरी मी लाइनवर होतो. आई, तू काय समजत होतीस इतकी वर्षं?"

"काय वाजले होते तिकडे तेव्हा? आठवतं?"

"उन्हं होती. तू म्हणालीस, इकडे अंधार पडला."

तिने फोन ठेवला तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दोन साक्षीदार हवेत, असं शास्त्र म्हणतं. दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होते. तिच्याकडे दोन होते. दोघंही सरळ, खोटं बोलायचं कारण नसलेले. एकीने तिला दिव्यांपाशी पाहिलं होतं आणि एकाने तिला पलंगापाशी ऐकलं होतं, त्याच उतरत्या उजेडात. आणि तिसरी साक्षीदार ती स्वतः, जिला फक्त दिवे आठवत होते. पलंग तिने मनात शोधून पाहिला. तिथे काही नव्हतं. एलिशा म्हणतो तो फोन, ते शेमा, नर्स, सगळं ऐकीव वाटत होतं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं. तिने लिंबू लटकलेली रिक्षा धरून मागे जायचा प्रयत्न केला. पण लिंबू कुठल्याही रिक्षेत असतं. तेलाचा थेंब कुठल्याही शुक्रवारी पडलेला असेल. एवढे सगळे शुक्रवार तिने इतके सारखे केले होते की कुठला कुठला ते आता तिलाच ओळखू येत नव्हतं. मधला एक काढून दुसरा ठेवला तरी शिवण दिसली नसती.

तो आठवडा ती कचेरीत गेली, आली. पण घरात पाऊल टाकताना आता ती दाराशी थांबे. कुणी असल्यासारखं वाटे असं नव्हे. कुणीतरी नुकतंच आपलं काम आटपून बाजूला झाल्यासारखं वाटे. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले तर एक खडा सापडत नसे. बुधवारी तिने ठरवून एक चमचा चुकीच्या फळीवर ठेवायचा म्हटलं, दुधाचा मटणाच्या भांड्यांत. बघू, सकाळी कुठे असतो. हात फळीपर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना.  तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या हाताला चूक करताच येत नाही, आणि हा हात आपण एवढी वर्षं आपला समजत होतो. आरशात तिने स्वतःकडे पाहिलं. पिकले केस, डोळ्यांखाली काळं, गळ्याशी सैल कातडी. खिडकीत कनकाने पाहिली ती बाई कशी दिसत असेल? तिच्या चेहऱ्यावर तो हिरवा पडदा बाजूला केल्याची खूण नसेल. ती आपली दर शुक्रवारी घरी येते, दिवे लावते, परत जाते. तिचं काही तुटलेलं नाही.

शुक्रवारी तिने रजा घेतली. सकाळी कोयम्बेडूहून मासा आणला, खवले आहेत ना ते बोट फिरवून पाहिलं, नारळाच्या दुधात आमटी केली. घर पुसलं. दिव्यांत तेल भरलं, वाती वळल्या, काड्यापेटी शेजारी ठेवली. मग अंघोळ करून ओढणी डोक्यावर घेतली आणि टेबलापासून लांब, भिंतीला लावलेल्या खुर्चीत जाऊन बसली. ती आज दिवे लावणार नव्हती. हे तिने मनाशी उच्चारलं. जाणूनबुजून. गाडीत झोप लागून नव्हे.

खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग तांबूस. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, "अवुट, अवुट" ओरडत होती. समोर जननी सासूला कशावरून तरी हाक मारत होती. मोझेलचे हात मांडीवर होते आणि ते आपोआप उठायला बघत होते. तिने ते एकमेकांत गुंतवले. अजून वेळ होता. अजून होता. मग एका क्षणी उजेडातला रंग गेला, नुसता करडा राहिला, आणि तिला कळलं की आता झालं.

स्वयंपाकघरात कुणीतरी हात धुतले. तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज, मग तांब्या खाली ठेवल्याचा. मोझेलने पटकन डोळ्यांवर तळवे घेतले. भीतीने घेतले की सवयीने, ते तिला सांगता आलं नसतं. पावलं तिच्यासमोरून टेबलापर्यंत गेली. अनवाणी, डाव्या पायावर जरा जास्त भार देणारी, तिच्यासारखीच. काडी ओढल्याचा फुर्र आवाज झाला. खोबरेलाचा वास आला. मग तळव्यांच्या मागच्या बाजूला तिला ऊब जाणवली, आधी एक, मग दुसरी. बेराखा पुटपुटल्याचं ऐकू येत होतं, अगदी बिनचूक, शब्द न् शब्द.

आणि बेराखा दुसरं कुणीतरी म्हणत होतं, म्हणून मोझेलला म्हणावी लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिटल्या डोळ्यांआड ती मोकळी होती. तिथे अंधार होता आणि अंधारात मशीनची हिरवी रेघ होती. स्पिरिटचा वास. हनोखचा हात तिच्या हातात, कोरडा, सुई टोचलेल्या जागी चिकटपट्टीची खरखर. दुसऱ्या हातात फोन, त्यातून एलिशाचा दूरचा आवाज, बाबा, बाबा, मी उन्हाळ्यात येतो. काचेबाहेर शहरावरचा उजेड करडा होत चालला होता. हनोखने डोळे उघडले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, काचेकडे पाहिलं. आणि मास्कच्या आतून, जेमतेम ऐकू येईल असं विचारलं,

"दिवे लावलेस?"

ती सकाळपासून त्याच्यापाशीच होती. घर बंद होतं, अंधारात होतं. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"लावले," ती म्हणाली. "दोन्ही. छान लागलेत."

त्याच्या कपाळावरची आठी गेली. त्याने हलकेच मान हलवली, ज्योती दिसत असल्यासारखी, आणि डोळे मिटले. तिने शेमा म्हणायला सुरुवात केली.

टेबलापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दुसरी बसली असावी, वाट पाहत. समोरच्या बाल्कनीत कनका कपडे काढायला आली असेल आणि गप्प आत गेली असेल. हात काढले की सगळं दिसलं असतं: दिवे, पांढरा कपडा, आणि ती. बघायला काही हरकत नव्हती. पण हनोखचा श्वास अजून चालू होता, लांब लांब अंतराने, आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही ते कळत नव्हतं. मोझेलने तळवे घट्ट दाबले. शेमा संपलं. मशीन एकसारखं वाजायला लागलं, नर्स काहीतरी म्हणाली, फोनमध्ये एलिशा आई, आई करत राहिला. हनोखचा हात पूर्ण गार होईपर्यंत ती तिथून हलली नाही.